१९६९ कॅमॅरो झेड/२८: अस्सल पार्ट शोधायला सुरुवात कुठून करू?

मार्च_६९:

मंडळी, नमस्कार. १९६९ ची शेवरोले कॅमॅरो झेड/२८ आहे, ओहायोतल्या नॉरवुड कारखान्यातली. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) ट्रिम टॅगवर, म्हणजे कारखान्याच्या माहितीपट्टीवर, एक्स७७ आणि ०३बी असे शिक्के आहेत. मूळचं ३०२ (घनइंची) इंजिन गेलेलं आहे, आत नंतरच्या काळातलं ३५० आहे. मागचा ॲक्सल १० बोल्टचा, म्हणजे तोही बदललेला. गिअरबॉक्स मन्सी (जीएमचा चार गिअरचा) आहे, पण याच गाडीचा की दुसरीकडून आणलेला ते कळत नाही. इनटेक आणि कार्ब्युरेटर दोन्ही आफ्टरमार्केट. उजवा क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) चाकाच्या कमानीपाशी सडलेला आहे.

गाडी कारखान्यातून निघाली तशी उभी करायची आहे. मूळ इंजिन परत मिळणार नाही हे धरूनच चाललोय, पण त्याच तारखांच्या आसपासचे खरे पार्ट हवेत. शोध कोणत्या क्रमाने घ्यावा? विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोंवरून खरं-खोटं कसं ओळखावं? आणि पत्र्याच्या बाबतीत नवीन रिप्रॉडक्शन पॅनेल चालेल, की जुन्या गाडीचा कापून आणावा?

जुना_ब्लॉक:

पार्टवर पैसे घालण्याआधी गाडीच तपासून घ्या. १९६९ च्या व्हिनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) झेड/२८ आहे की नाही हे कळत नाही. १२४३७ म्हणजे व्ही-८ कॅमॅरो कूपे, पुढचा ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवुड. बस, एवढंच. तुमच्या टॅगवरचा एक्स७७ मात्र मोलाचा आहे: झेड/२८, साध्या ट्रिमची. स्टाइल ट्रिम असती तर एक्स३३ आला असता. लॉस एंजेलिसच्या कारखान्यातल्या गाड्यांवर हे एक्स कोड नसतातच, त्यांच्या मालकांना प्रोटेक्ट-ओ-प्लेट (गाडीसोबत मिळणारी वॉरंटीची धातूची पट्टी) किंवा जुने कागद शोधत बसावं लागतं.

पण टॅग दोन रिव्हेटवर बसतो आणि नवा टॅग बनवून मिळतो. म्हणून लपलेला व्हिन बघा. त्याचा शेवटचा भाग बॉडीवर दोन ठिकाणी ठोकलेला असतो: एक फायरवॉलवर हीटरच्या डब्यामागे, दुसरा पुढच्या काचेखालच्या काउलच्या जाळीखाली. काउलची जाळी काढणं सोपं, तिथून सुरुवात करा. हे दोन्ही आकडे डॅशवरच्या पट्टीशी जुळले तर पुढे चला. डॅशवरच्या पट्टीला आणि तिच्या फुलासारख्या रोझेट रिव्हेटना अजिबात हात लावू नका, अमेरिकेत तो फेडरल गुन्हा ठरू शकतो. रंगकाम करतानासुद्धा पट्टी जागेवर ठेवून झाकायची.

आता तारखा. ०३बी म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. कुठलाही पार्ट त्यानंतरचा असेल तर तो या गाडीवर कारखान्यात बसलेला असण्याची शक्यता फारच कमी. आधीचा किती चालेल? ब्लॉक ओतला जातो, मग मशिनिंग, मग इंजिनाची जुळणी, मग रेल्वेने किंवा ट्रकने नॉरवुड. यात साधारण काही दिवसांपासून काही आठवडे जातात. तुमच्यासाठी ब्लॉकची कास्टिंग तारीख जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी आणि जुळणीची तारीख फेब्रुवारी ते मार्चचे पहिले दिवस, ही उत्तम जोडी.

कास्टिंगची तारीख ब्लॉकच्या मागच्या फ्लँजवर उजव्या अंगाला असते, कास्टिंग नंबर डाव्या अंगाला. महिन्याचं अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. 'बी १२ ९' म्हणजे १२ फेब्रुवारी १९६९. त्या वर्षीच्या ३०२ ला तीन कास्टिंग नंबर सापडतात: सुरुवातीला ३९३२३८६, नंतर ३९५६६१८ आणि ३९७००१०. तिन्हींत मेन बेअरिंगच्या कॅपला चार बोल्ट.

जुळणीचा शिक्का पुढे, उजव्या हेडच्या समोरच्या छोट्या सपाट पॅडवर. 'व्ही०२२४डीझेड' असं काही दिसलं तर व्ही म्हणजे फ्लिंट, २४ फेब्रुवारी, आणि डीझेड म्हणजे १९६९ चं झेड/२८ इंजिन. त्याच पॅडवर किंवा ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूला गाडीच्या व्हिनचा तुकडा असतो: १९एन आणि पुढे सहा आकडे.

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि त्याचं कारण साधं आहे. ३०२ चा बोअर ४.०० इंच, स्ट्रोक ३.०० इंच. ३५० चा बोअरही ४.०० इंचच, स्ट्रोक ३.४८. म्हणजे चार बोल्टचा ३५० चा ब्लॉक आणि ३०२ चा ब्लॉक हातात घेतले तर फरक सापडत नाही. फरक फक्त पॅडवरच्या अक्षरांत. म्हणून पॅड घासून नवे शिक्के मारले जातात.

फोटो मागताना पॅड सॉल्व्हंट आणि फडक्याने पुसायला सांगा, वायर व्हील लावू देऊ नका. उजेड बाजूने तिरपा हवा. खऱ्या पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक, सरळ, समांतर रेघा दिसतात, कारखान्यातल्या ब्रोचिंग मशीनच्या. त्या अक्षरांच्या खालून अखंड गेलेल्या असाव्यात. रेघा गोलाकार असतील तर ब्लॉकचा माथा (हेड बसतं तो सपाट भाग) नंतर कटरने घेतलाय. आडव्या ओरखड्यांचं जाळं असेल तर पट्ट्याने घासलाय. पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल तर बोलणंच थांबवा. आणखी एक खूण: जुळणीचा शिक्का फ्लिंटला मारलेला, व्हिनचा नॉरवुडला. दोन वेगळे कारखाने, वेगळे पंच, वेगळे हात. दोन्ही ओळींचं अक्षर आणि खोली अगदी एकसारखी दिसली तर ते एकाच माणसाने एकाच दुपारी केलेलं काम आहे.

दुसऱ्या गाडीचा व्हिन असलेला खरा डीझेड मिळाला तर तो तसाच बसवा. तो आकडा घासून स्वतःचा ठोकणं म्हणजे खऱ्या वस्तूची खोटी वस्तू करणं. आणि मशीन शॉपला कागदावर लिहून द्या: हेड बसतं तो माथा घ्यायचा असेल तर पॅड सोडून. हे न सांगितल्यामुळे कितीतरी अस्सल पॅड अर्ध्या तासात कोरे झालेत.

चौथा_गिअर:

मन्सीचं कोडं घरीच सुटेल. मेन केसवर उजव्या अंगाला तारखेचा शिक्का आणि व्हिनचा तुकडा असतो. व्हिन जुळला तर तुमच्याकडे मूळ गिअरबॉक्स आहे, आणि इंजिन गेलेल्या गाडीत ही मोठीच गोष्ट. तारीख अशी वाचा: पी९बी२१बी. पी म्हणजे मन्सी, ९ म्हणजे १९६९, बी म्हणजे फेब्रुवारी, २१ तारीख. शेवटचं अक्षर १९६९ पासून आलं, ते गिअरबॉक्सचा प्रकार सांगतं: ए असेल तर एम२०, बी असेल तर एम२१, सी असेल तर एम२२.

महिन्यांची अक्षरं इथे सरळ नाहीत, यात भलेभले चुकतात. जानेवारी ते मे ए, बी, सी, डी, ई. मग जून एच, जुलै के, ऑगस्ट एम, सप्टेंबर पी, ऑक्टोबर आर, नोव्हेंबर एस, डिसेंबर टी. ब्लॉकवरचा 'एच' ऑगस्ट, मन्सीवरचा 'एच' जून.

केसचा नंबर ३९२५६६० किंवा ३९२५६६१ असावा. आतले गिअर नंतर कुणी बदललेले असू शकतात, तेव्हा पहिला गिअर टाकून इनपुट शाफ्ट हाताने फिरवा आणि मागचा शाफ्ट बघा. मागे एक फेरा पुरा व्हायला पुढे अडीच फेरे लागले तर एम२० (२.५२), सव्वादोनच्या जरा आत झालं तर एम२१ किंवा एम२२ (दोन्ही २.२०). या दोघांतला फरक झाकण काढल्यावर दिसतो: एम२२ च्या दातांचा तिरकसपणा बराच कमी असतो, त्यामुळेच तो चालताना ओरडतो.

या केसचं दुखणं एकच. ॲल्युमिनियमच्या केसमध्ये काउंटरशाफ्टची पिन बसते ते पुढचं भोक लांबट होतं आणि तिथून तेल पाझरतं. पिन हाताने हलत असेल तर केसला बुश बसवून पुन्हा बोअर करावं लागेल. केस मूळ असेल तर हा खर्च करावा, फेकू नये. शिफ्टर १९६९ ला हर्स्टचा होता, आधीच्या वर्षांचा मन्सी शिफ्टर कुणी गळ्यात मारेल तर घेऊ नका.

बारा_बोल्ट:

ॲक्सलवर व्हिन नसतो, त्यामुळे इथे 'हिचाच' असं काही सिद्ध होत नाही. कोड आणि तारीख जुळली की काम झालं. उजव्या नळीच्या पुढच्या अंगाला, मधल्या गोळ्याजवळ शिक्का असतो. झेड/२८ ला सर्रास दिसतो तो बीयू: १२ बोल्ट, ३.७३ गिअर गुणोत्तर, पॉझिट्रॅक्शन (दोन्ही चाकांना ताकद देणारा डिफरन्शियल). पुढे महिना-दिवस आणि जी, म्हणजे डेट्रॉइटचा गिअर अँड ॲक्सल कारखाना. तुम्हाला 'बीयू ०२..जी' किंवा मार्चच्या अगदी पहिल्या दिवसांतला हवा. शिक्का बारीक असतो आणि गंजाखाली जातो. गंज विरघळवणारं द्रव लावून रात्रभर ठेवा, पितळी ब्रशने हलकेच पुसा. ग्राइंडर लावलात तर अक्षरं कायमची गेली.

शेवेलचा (शेवरोलेच्याच दुसऱ्या गाडीचा) १२ बोल्ट स्वस्तात दिसला म्हणून उचलू नका. त्याला कॉइल स्प्रिंग आणि वरच्या आर्मचे कान असतात, कॅमॅरोला पाटे (लीफ स्प्रिंग) लागतात. त्याच्या आतला रिंग-पिनियन आणि कॅरिअर (रिंग गिअर धरणारा भाग) मात्र उपयोगी पडतो. १९६७ च्या कॅमॅरोचा ॲक्सलही टाळा, त्याच्या बैठकी एका पाट्यासाठी आहेत. १९६८ पासून ताकदवान गाड्यांना अनेक पाटे आले आणि शॉक ॲब्सॉर्बर एक पुढे एक मागे असे झाले. पिकअपचा १२ बोल्ट तर वेगळीच जात, कव्हरचा आकारच निराळा.

कव्हर उघडायला मिळालं तर रिंग गिअरच्या कडेवर दातांचे आकडे बघा: ४१ आणि ११ म्हणजे ३.७३. ४१ आणि १० दिसले तर कुणीतरी ४.१० घातलाय, आणि त्याच्याबरोबर कॅरिअरही बदललेला असणार, कारण ३.७३ पर्यंतचा कॅरिअर वेगळा आणि ४.१० पासून वरचा वेगळा. परत ३.७३ करायचा तर दोन्ही शोधावे लागतील, किंमत ठरवताना हे धरा. बसवताना बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ५ ते ८ हजारांश इंच. पॉझिच्या क्लचसाठी तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालायचा, नाहीतर वळणावर मागून कडकड आवाज येतो आणि माणूस चांगला ॲक्सल उघडून बसतो.

मार्च_६९:

फार उपयोगी. काउलखालचा आकडा डॅशशी जुळला. मन्सीवर पी९बी आहे, शेवटचं अक्षर बी, व्हिनचा तुकडाही हाच. म्हणजे मूळ एम२१ गाडीतच आहे!

आता एक ब्लॉक समोर आलाय. ३९७००१०, चार बोल्ट, तारीख 'बी १४ ९'. पॅडच्या फोटोत '१९एन' स्पष्ट दिसतं, जुळणीच्या शिक्क्यावर मात्र ग्रीस आहे. विकणारा म्हणतो १९६९ चा नॉरवुडचाच. घ्यावा का?

जुना_ब्लॉक:

मन्सीबद्दल अभिनंदन, तो जपा.

या ब्लॉकसाठी ग्रीस पुसल्याशिवाय एक पैसा देऊ नका. ३९७००१० हा नंबर सत्तरच्या दशकभर चालला आणि तारखेत वर्षाचा एकच आकडा आहे. 'बी १४ ९' हा १९७९ चा फेब्रुवारीही असू शकतो. '१९एन' मधला ९ सुद्धा तसाच, कारण १९७९ मध्येही कॅमॅरो नॉरवुडलाच बनत होती. कास्टिंग नंबर, तारीख, व्हिनचा तुकडा, तिन्ही गोष्टी एकदम बरोबर दिसतात आणि ब्लॉक दहा वर्षांनी धाकटा निघतो.

निकाल जुळणीच्या शिक्क्यातल्या शेवटच्या अक्षरांवर लागेल. १९६९ पर्यंत तिथे दोन अक्षरं, १९७० पासून तीन. पूर्ण ओळीचा फोटो मागा.

पॅडवर डीझेडऐवजी 'सीई' आणि पुढे आकडे असतील तर तो वॉरंटीत दिलेला बदली ब्लॉक. त्यातही अस्सल ३०२ असतात आणि प्रामाणिक गाडीला ते शोभतात. डीझेड मिळेचना तर १९६९ च्या तारखेचा साधा चार बोल्टचा ३५० ब्लॉक घेऊन त्यात ३०२ चा फोर्ज्ड क्रँक घाला. १९६८-६९ च्या क्रँकवर ११७८ असतं, मेन जर्नल २.४५ इंच, रॉडचे २.१० इंच. १९६७ चा क्रँक लहान जर्नलचा, तो या ब्लॉकमध्ये बसणार नाही. फक्त गाडी विकताना हे लपवू नका.

कुठलाही ब्लॉक असो, मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने चिरा शोधणारी चाचणी) करून घ्या. पाणी गोठून बाहेरच्या भिंतीला, कोअर प्लगच्या रांगेत आडवी चीर जाते आणि ती रंगाखाली दिसत नाही. बोअर आधीच ०.०३० मोठा केलेला असेल तर भिंतींची जाडी सोनिक टेस्टने मोजून मगच पुढचं ठरवा.

स्नोफ्लेक:

इनटेक आणि कार्बबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

इनटेक ३९३२४७२, ॲल्युमिनियम, दोन मजली. त्यावर विंटर्स फाउंड्रीची बर्फाच्या पाकळीसारखी खूण असते. शोधताना 'झेड/२८' हा शब्द टाकूच नका, तो शब्द आला की किंमत चढते. नुसता कास्टिंग नंबर टाका, किंवा 'शेवी ॲल्युमिनियम इनटेक' म्हणून लावलेल्या जाहिरातींचे फोटो बघत जा. हा इनटेक काउंटरवरूनही विकला गेला, म्हणून तारीख बघायची. पाण्याच्या वाटांभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लेलं असतं. खड्डा गॅस्केटच्या कडेपर्यंत गेला असेल तर टिग वेल्डने भरून माथा घ्यावा लागेल. ते होतं, घाबरायचं कारण नाही. उलट काचेच्या मण्यांच्या माऱ्याने चकचकीत केलेला इनटेक संशयाने बघा: खड्डे बुजवून वर मारा दिलेला असतो.

कार्ब होली कंपनीचा, ७८० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). हवेच्या तोंडावर जीएमचा नंबर ३९२३२८९ डीझेड आणि लिस्ट ४०५३. खाली तीन आकडी तारीख: ९२२ म्हणजे १९६९, फेब्रुवारी, दुसरा आठवडा. तारीख चार आकडी असेल तर तो नंतर पुन्हा बनवलेला. ३३१० हाही ७८० चाच असल्यामुळे त्याचं तोंड घासून ४०५३ ठोकलेले कार्ब फिरतात, तेव्हा तोंडाच्या भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का बघा. थ्रॉटल शाफ्ट धरून वरखाली हलवा. लटपटत असेल तर हवा ओढेल आणि आयडल कधीच ठरणार नाही. बुश बसवून घ्या. रंग मूळचा पिवळसर-हिरवट झाक असलेला डायक्रोमेटचा, पिवळाधमक सोन्यासारखा असेल तर प्लेटिंग नवीन आहे.

हेड ३९२७१८६. सावध: याच कास्टिंगमध्ये १.९४ आणि २.०२ अशा दोन इनटेक व्हॉल्व्हची हेडं निघाली. कॅलिपरने मोजा, ३०२ ला २.०२ इंच (५१.३ मिमी) हवेत, एक्झॉस्टचे १.६० इंच.

शिसं_आणि_पत्रा:

पत्र्याबद्दल माझं स्पष्ट मत: मिळत असेल तर जुन्या गाडीचा कापलेला क्वार्टर घ्या. १९६९ ची बाजू त्या एकाच वर्षाची आहे, चाकाच्या कमानीवरून मागे जाणारी ती धारदार घडी आणि मागच्या चाकापुढचे कल्ल्यांसारखे उभे खाचे. रिप्रॉडक्शनमध्ये नेमक्या याच दोन जागा बोथट येतात. घडी हातानेच कळते: मूळ पत्र्यावरून बोट फिरवलं तर कड लागते, नकलीवर बोट घरंगळतं. कमानीपुरताच गंज असेल तर पूर्ण पॅनेल कापूच नका, तेवढाच तुकडा कापून बट वेल्ड करा. जितका मूळ पत्रा गाडीवर राहील तितका चांगला.

ॲरिझोनासारख्या कोरड्या भागातल्या गाडीचा पत्रा घ्या. तिथे ऊन डॅश आणि सीट खातं, पत्रा वाचतो. कापणाऱ्याला सांगा: छताच्या जोडापासून दोन इंच जास्त ठेव, दाराच्या चौकटीची कड सोडू नकोस. स्पॉट वेल्ड तुम्ही घरी ३/८ इंचाच्या कटरने सावकाश सोडवाल.

क्वार्टर छताला मिळतो तिथला जोड कारखान्यात शिशाने भरलेला आहे. तो ग्राइंडरने उडवू नका, शिशाची धूळ फुप्फुसात जाते. मंद ज्योतीने वितळवून पुसून काढा, मास्क लावून, दारं उघडी ठेवून. परत शिसंच भरणार असाल तर ७०-३० ची कांडी. काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुवा. फ्लक्सचं आम्ल राहिलं तर सहा महिन्यांनी रंगाखाली फोड येतात आणि दोष रंगाऱ्यावर जातो.

वेल्डिंगआधी सबफ्रेमचे नवे रबर बसवा, गाडी चाकांवर उभी करा, दार लावा, फटी मोजा. बसलेल्या जुन्या रबरांवर जुळवलेला क्वार्टर नवे रबर घातल्यावर दाराला घासतो.

चौथा_गिअर:

शोधण्याच्या जागांबद्दल थोडं. पेनसिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरमध्ये आणि कार्लाइलला वसंतात मोठे बाजार भरतात. जाताना नंबरांचा कागद खिशात, सोबत छोटा आरसा, टॉर्च, कॅलिपर, सॉल्व्हंटची बाटली. भंगारवाल्यांशी बोलताना हॉलंडरचा इंटरचेंज नंबर (कोणता पार्ट कोणत्या गाड्यांना चालतो त्या पुस्तकातला) सांगा, त्यांची रॅक त्यावर लागलेली असते. पुढच्या डिस्क ब्रेकसाठी झेड/२८ च्या भावात पैसे देऊ नका, १९६९ ते ७२ च्या शेवेलचे स्पिंडल-कॅलिपर चालतात.

'एनओएस' (न्यू ओल्ड स्टॉक) शब्दावर भुलू नका. न वापरलेला जुना साठा आणि जीएमच्या परवान्याने आज बनवलेला पार्ट, दोन्ही जीएमच्या खोक्यात येतात. दुसऱ्यावर रिस्टोरेशन पार्ट्सचं लेबल असतं, आणि विकायला आणताना ते खोकं नेमकं हरवलेलं असतं.

मार्च_६९:

पॅडचा पुसलेला फोटो आला. शेवटी तीन अक्षरं. सोडून दिला.

आता आधी बीयू बघतो. एका विक्रेत्याकडे ०२२७ तारखेचा आहे, पण त्याच्या बैठकी नव्याने वेल्ड केल्यासारख्या दिसतात. तेवढ्यावरून नाकारावा का?

बारा_बोल्ट:

नाकारू नका, मोजून घ्या. दोन्ही बैठकींच्या मध्यांतलं अंतर तुमच्या गाडीच्या पाट्यांशी, आणि पिनियनचा कोन बैठकीच्या सपाटीशी. मग दोन्ही टोकांना ॲक्सल फ्लँज फिरवून डायल गेज लावा. नळ्यांवर जास्त उष्णता देऊन वेल्ड केलं असेल तर त्या वाकतात, आणि टोकाची बेअरिंगं वर्षभरात जातात. कोन चुकला असेल तर बैठकी पुन्हा बसवता येतात. नळी वाकली असेल तर ती जिगवर सरळ करणारा माणूस आधी शोधा, मग पैसे द्या.